कागद मागा, तारीख विचारा
(साक्षरता वर्गातील मंडळींपुढे केलेले भाषण)



तुम्ही आता अक्षरे ओळखता. एस.टी.ची पाटी वाचता. सातबाऱ्यावर आपले नाव शोधून काढता. अंगठा उठवायचा तिथे सही करता. ही लहान गोष्ट नाही.

पण अक्षर शिकलो ते काय सहीपुरतेच? सही करता येणे ही पहिली पायरी. ज्या कागदावर सही करायची तो कागद वाचणे ही दुसरी पायरी. आणि जो कागद आपल्यापुढे कुणी आणलाच नाही, तो हक्काने मागून घेणे ही तिसरी. आज मी या तिसऱ्या पायरीबद्दल बोलणार आहे.

विषय शहराचा आहे. तुम्ही म्हणाल, आम्ही खेड्यातली माणसे, आम्हाला शहराचे काय? तर ऐका. शहर एका जागी बसत नाही. ते दरवर्षी थोडे थोडे पुढे सरकते. १९८२ साली नाशिक महानगरपालिका झाली. तेव्हा नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर तर तिच्यात गेलेच, पण आसपासची वीसहून अधिक खेडीही गेली. काल ज्या गावाला ग्रामपंचायत होती, त्या गावाला आज महापालिकेचा वॉर्ड आहे. काल जिथे ग्रामसभा भरायची, तिथे आता पाणीपट्टीचे बिल येते. तेव्हा आज जे शहराचे, ते उद्या तुमचे.

मोठे बोलणे, मोठा पैसा

२५ जून २०१५ रोजी केंद्र सरकारने एक योजना काढली. तिचे नाव स्मार्ट सिटी. देशातली शंभर शहरे निवडायची. प्रत्येक शहराला केंद्राने पाच वर्षांत ५०० कोटी रुपये द्यायचे. तेवढेच राज्य सरकारने आणि महापालिकेने मिळून घालायचे. म्हणजे एका शहरामागे हजार कोटी.

२० सप्टेंबर २०१६ रोजी नाशिकचे नाव यादीत आले. पेढे वाटले गेले, फटाके वाजले. कामे कोणती ठरली? जुन्या गावठाणातले रस्ते आणि नळ सुधारायचे. गोदाकाठ सुधारायचा. आणि गोदावरीच्या डाव्या तीरावर मखमलाबाद आणि नाशिक शिवारातल्या शेतजमिनीवर एक नवे नगर वसवायचे.

हे सारे करायला महापालिकेहून वेगळी एक कंपनी काढली. कंपनी म्हटली म्हणजे खाजगी नव्हे. तिच्यात राज्य सरकारचा आणि महापालिकेचा हिस्सा. पैसा सरकारी, म्हणजे तुमचा-आमचा. तुम्ही काड्यापेटी घेता, चहापत्ती घेता, तेव्हा त्यातूनही कर भरता. तो पैसा फिरत फिरत इथवर येतो.

सातशे एकरांचे भिजत घोंगडे

मखमलाबादच्या बाजूची जमीन तुम्हाला ठाऊक आहे. नदीजवळची, पाण्याची, द्राक्षाची आणि भाजीपाल्याची. तिथली सातशे एकरांहून अधिक जमीन या नव्या नगरासाठी आखली. त्यासाठी जो मार्ग धरला त्याला नगररचना परियोजना म्हणतात. इंग्रजी अक्षरांवरून लोक तिला टी.पी. स्कीम म्हणतात. १९६६ च्या नगररचना कायद्यात ती सांगितली आहे.

ती समजून घ्या, कारण उद्या ती तुमच्याही बांधावर येईल.

समजा, दहा भावांच्या दहा वाकड्यातिकड्या पट्ट्या आहेत. कुणाला रस्ता नाही, कुणाच्या शेतातून नाला गेला आहे. सगळ्या पट्ट्या एकत्र केल्या. मधून रस्ते काढले. शाळेला, बागेला, दवाखान्याला जागा ठेवली. उरलेल्या जमिनीचे चौकोनी तुकडे पाडले आणि ज्याच्या त्याला परत दिले. जमीन कमी झाली, पण रस्त्याला लागली, म्हणून तिचा भाव वाढला. या परत मिळालेल्या तुकड्याला अंतिम भूखंड म्हणतात. गुजरातेत अहमदाबादेचा बराच भाग याच रीतीने वसला आहे.

म्हणजे रीत वाईट नाही. पण तिच्यात एक मेख आहे. शेतकऱ्याने जमीन आज द्यायची आणि भूखंड पुढे घ्यायचा. मधल्या काळात त्याच्या हातात काय? कागद आणि भरवसा. म्हणून शेतकरी विचारू लागले. एकरामागे किती परत देणार? तो तुकडा कुठे देणार, रस्त्याला की कोपऱ्यात? विहिरीचे काय? बागेचे काय? रस्ते आणि गटारे कोण बांधणार आणि केव्हा? काही शेतकऱ्यांना योजना हवी होती. पुष्कळांनी विरोध केला. मोजणीला विरोध झाला, सभा झाल्या, मोर्चे झाले.

आणि मग? मग घोंगडे भिजत पडले. वर्षामागून वर्षे गेली. केंद्राच्या योजनेची मुदत पुन्हा पुन्हा वाढली आणि शेवटी ३१ मार्च २०२५ रोजी ती योजनाच संपली. मखमलाबादच्या शेतात ते नवे नगर काही उभे राहिले नाही.

तुम्ही म्हणाल, नाही झाले तर बरेच झाले, जमीन वाचली. असे सोपे नसते हो. अशी योजना करण्याचा इरादा एकदा जाहीर झाला, की ती चालू असेपर्यंत मालकाला त्या जमिनीवर परवानगीशिवाय बांधकाम करता येत नाही. गिऱ्हाईक दहादा विचार करते. मुलीच्या लग्नाला एक एकर विकावे, तर भाव पडतो. नवी बाग लावावी, तर मनात येते, उद्या इथून रस्ता गेला तर? योजना पुढे जात नाही आणि मागेही जात नाही. शेतकरी मात्र मध्ये लटकतो.

रखडणे फुकट नसते, मंडळी. रखडण्याचे बिल कोणीतरी भरतोच. बहुतेक वेळा ते गरीब माणूसच भरतो.

एका किलोमीटरचा धडा

शेतात काय घडले ते ऐकलेत. आता शहराच्या पोटात काय घडले ते ऐका. अशोकस्तंभ ते त्र्यंबक नाका हा रस्ता तुम्ही पाहिलाच असेल. जिल्हाधिकारी कचेरी, न्यायालय, सी.बी.एस.चे स्थानक याच रस्त्यावर. लांबी १.१ किलोमीटर. पायी गेले तर पंधरा मिनिटांची वाट. हा नमुन्याचा रस्ता करायचे ठरले. २०१८ साली तो खणला. मुदत टळली, पुन्हा मुदत दिली, तीही टळली. तारखेला आलेली माणसे, दाखल्याला आलेली माणसे, एस.टी.ला धावणाऱ्या बायाबापड्या त्या खड्ड्यांतून आणि धुळीतून वाट काढीत राहिल्या. दुकानदारांचे गिऱ्हाईक गेले. नगरसेवकांनी सभागृहात आवाज केला.

एवढ्याशा रस्त्याला एवढा वेळ का लागला? हा प्रश्न पानाच्या टपरीवर हजार लोकांनी विचारला. पण टपरीवर विचारलेल्या प्रश्नाला कोणी उत्तर देत नाही. तोच प्रश्न कागदावर लिहून, तारीख घालून, पोहोच घेऊन विचारला, की त्याला उत्तर द्यावे लागते.

तो माझ्याकडे नाही, त्याच्याकडे जा

असे का होते? जबाबदार कोण, हेच समजत नाही म्हणून होते.

महापालिकेत जावे, तर ते म्हणतात हे काम कंपनीचे. कंपनीत जावे, तर ते म्हणतात ठेकेदाराने उशीर केला. ठेकेदार म्हणतो, मला जागा मोकळी करून दिली नाही. आपल्याकडे तलाठी म्हणतो सर्कलकडे जा, सर्कल म्हणतो तहसीलदाराकडे जा, तसेच हे. चार खांद्यांवर टाकलेले ओझे कोणाच्याच खांद्यावर नसते.

त्यात आणखी एक भर पडली. मार्च २०२२ मध्ये नाशिकच्या नगरसेवकांची मुदत संपली. वेळेवर निवडणूक झाली नाही. तीन वर्षांहून अधिक काळ महापालिकेचा कारभार प्रशासकाच्या हातात राहिला. जानेवारी २०२६ मध्ये मतदान झाले. मधल्या काळात कोणाचे दार ठोठावायचे? निवडून दिलेला माणूस चांगला असो की वाईट, पाच वर्षांनी त्याला तुमच्या दारात यावे लागते. साहेबाची बदली होते आणि नवा साहेब म्हणतो, हे माझ्या आधीचे.

म्हणून पहिली गोष्ट ही शोधा, की या कामावर सही कोणाची आहे? ज्याची सही, त्याची जबाबदारी. आणि सही कागदावर असते.

पत्रा चाळीची गोष्ट

आता मुंबईची एक गोष्ट सांगतो. गोरेगावला सिद्धार्थनगर म्हणून वस्ती आहे. लोक तिला पत्रा चाळ म्हणतात. म्हाडा नावाचे सरकारी गृहनिर्माण मंडळ आहे, त्याची ही जागा. ४७ एकर. तिच्यात ६७२ कुटुंबे राहत होती.

२००८ साली करार झाला. करारात तिघे होते. एक म्हाडा, दुसरी रहिवाशांची सोसायटी आणि तिसरी गुरुआशिष कन्स्ट्रक्शन ही बांधकाम कंपनी. ठरले असे, की कंपनीने ६७२ कुटुंबांना नवी घरे बांधून द्यायची. म्हाडालाही घरे बांधून द्यायची. मग उरलेल्या जागेवर इमारती बांधून विकायच्या आणि आपला नफा काढायचा. घरे होईपर्यंत रहिवाशांनी दुसरीकडे राहायचे आणि त्यांचे भाडे कंपनीने भरायचे.

लोकांनी भरवशावर घरे सोडली. चाळ पडली. पुढे काय झाले? तपास यंत्रणांचे म्हणणे असे, की कंपनीने रहिवाशांची घरे बांधण्याआधीच बांधकामाचे हक्क नऊ दुसऱ्या बिल्डरांना सुमारे ९०१ कोटी रुपयांना विकून टाकले. रहिवाशांच्या इमारती अर्धवट राहिल्या. भाडेही बंद झाले. म्हातारी माणसे भाड्याच्या खोलीत नव्या घराची वाट बघत राहिली. काहींनी तिथेच डोळे मिटले.

जमीन सरकारची होती. करारावर म्हाडाची सही होती. आधी रहिवाशांची घरे, मग विक्री, हे बघण्याचे काम म्हाडाचे होते. करार २००८ चा. तो रद्द करण्याची पावले आणि पोलिसांत फिर्याद २०१८ मध्ये. मग मधली दहा वर्षे कोण झोपले होते? हा प्रश्न रहिवाशांनी सोडला नाही. ते मोर्चे घेऊन गेले, कचेऱ्यांत बसले, कोर्टात गेले, मंत्र्यांना भेटले. शेवटी सरकारने माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांची एक सदस्याची समिती नेमली. घरे म्हाडानेच पुरी करावीत असे ठरले. फेब्रुवारी २०२२ मध्ये काम पुन्हा सुरू झाले आणि २०२५ साली गाडी घरे वाटण्यापर्यंत आली.

म्हणजे २००८ ला पाळण्यात असलेले पोर घर मिळेपर्यंत कॉलेजात गेले. फौजदारी खटले वेगळेच चालू राहिले.

यातून काय शिकायचे? करारात गोड काय लिहिले आहे, ते बिल्डर स्वतःच वाचून दाखवतो. तुम्ही तीन गोष्टी वाचा. पहिली, काम केव्हा पुरे होणार? दुसरी, नाही झाले तर दंड काय? तिसरी, आधी कोणाचे घर, त्याचे की माझे? या तीन गोष्टी कागदावर नसतील, तर सही करू नका.

हिशोब विचारणे ही जुनी रीत आहे

कोणी म्हणेल, साहेबाला हिशोब विचारणे बरे नव्हे. अहो, ही आपल्या महाराष्ट्राची रीतच आहे. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सभासद होते. सरकारनेच नेमलेले. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार होता. त्याच्या स्वागताला नगरपालिकेच्या तिजोरीतून हजार रुपये खर्च करायचे ठरले. जोतीराव म्हणाले, हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा. त्यांनी एकट्याने विरोधात मत दिले. राज्य इंग्रजांचे, येणारा पाहुणा इंग्रजांचा बडा लाट. तरी विचारले.

दुसरी गोष्ट राजस्थानातली. तिथे दुष्काळी कामावरच्या मजुरांना पुरी मजुरी मिळत नसे. मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराना गावी जनसुनवाई भरवली. सरकारी हजेरीपटातली नावे मोठ्याने वाचून दाखवली. मग काय विचारता! जे कधी कामावर गेले नाहीत, त्यांच्या नावावर मजुरी निघालेली. जी कामे झालीच नाहीत, तीही कागदावर पुरी. ऐकणारी बहुतेक माणसे निरक्षर होती. पण कागद वाचला जाताच त्यांना सारे कळले. त्यातूनच माहितीच्या हक्काची चळवळ उभी राहिली. आपल्या महाराष्ट्रात २००२ साली त्याचा कायदा झाला आणि २००५ साली साऱ्या देशाला माहितीचा अधिकार मिळाला.

अर्ज कसा करायचा

हा कायदा सोपा आहे. प्रत्येक सरकारी कचेरीत एक जन माहिती अधिकारी असतो. स्मार्ट सिटीसारख्या सरकारी कंपनीतही असतो. त्याच्या नावाने अर्ज करायचा. अर्जाचा नमुना ठरलेला आहे. त्याला जोडपत्र ‘अ’ म्हणतात. त्यावर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावायचे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही. त्याने दाखल्याची प्रत जोडायची.

महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय लिहायचा आणि दीडशे शब्दांच्या आत लिहायचा. हे तर आपल्या फायद्याचेच झाले. नव्याने लिहायला शिकलेल्या माणसाला दीडशे शब्द पुष्कळ होतात. नमुना असा :

‘अमुक रस्त्याच्या कामाबद्दल मला पुढील कागदांच्या प्रती हव्यात. १) ठेकेदाराशी झालेला करार. २) काम सुरू करण्याचा आदेश. ३) मुदतवाढ दिली असल्यास ते सर्व आदेश. ४) आजवर दिलेल्या बिलांची यादी. ५) उशिराबद्दल दंड केला असल्यास तो आदेश. ६) कामावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम.’

बघा, यात एकही शिवी नाही. एकही आरोप नाही. ‘काम का रखडले?’ असे विचारले, तर ते म्हणतील, कारण सांगणे आमच्याकडे नाही. म्हणून कारण विचारू नका. कागद मागा, तारीख मागा. कारण त्या कागदातच सापडते.

तीस दिवसांच्या आत उत्तर आले पाहिजे. नाही आले किंवा अर्धवट आले, तर पुढच्या तीस दिवसांत त्याच कचेरीतल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिले अपील करायचे. तिथेही दाद लागली नाही, तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. आयोगाचे खंडपीठ नाशिकलाही आहे. विनाकारण माहिती दडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये आणि जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होऊ शकतो. तो त्याच्या पगारातून जातो, तिजोरीतून नव्हे.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ज्याला लिहिता येत नाही, त्याचे तोंडी म्हणणे लिहून घ्यायला अधिकाऱ्याने मदत केली पाहिजे, असे कायदाच सांगतो. तुमच्या शेजारी अजून कोणी अंगठेबहाद्दर असेल, तर त्याला हे सांगा. आणि या कायद्याने नुसते कागदच नव्हे, तर कामही बघता येते. रस्त्यात घातलेल्या मालाचा नमुनाही रीतसर मागता येतो.

कागद आल्यावर

कागद आले की घाबरू नका. चौघे मिळून बसा. आधी तारखांखाली रेघ ओढा. काम सुरू केव्हा, पुरे व्हायचे केव्हा, मुदत कितीदा वाढली? मग आकड्यांखाली रेघ ओढा. काम किती झाले आणि बिल किती गेले? काम चार आणे आणि बिल बारा आणे, असे दिसले की तिथे थांबा. तिथेच विचारायचा प्रश्न आहे.

मग दुसरी दारे आहेत. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कचेरीत आणि महापालिकेत लोकशाही दिन असतो. सरकारी नोकराने एखादी फाईल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त दाबून ठेवू नये, असाही राज्याचा कायदा आहे. तो २००६ पासून लागू आहे. गैरकारभार दिसला, तर लोकायुक्त आहेत. पुरावा घट्ट असेल, तर कोर्ट आहे.

ज्याच्या जमिनीवर शहराच्या आराखड्यात बागेचे, शाळेचे वा रस्त्याचे आरक्षण पडले आहे, त्याने हेही ऐकून ठेवावे. आराखडा लागू होऊन दहा वर्षे झाली आणि जमीन घेतलीच नाही, तर मालकाला खरेदीची नोटीस देता येते. नोटिशीनंतर चोवीस महिन्यांत जमीन ताब्यात घेण्याची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होते. हे १९६६ च्या त्याच कायद्याचे १२७ वे कलम. पुष्कळांना हे ठाऊकच नाही. जमीन अडकून पडते आणि दलाल येऊन मातीमोलाने घेऊन जातो.

माणूस ओळखा

आता एक सावधगिरीची गोष्ट. प्रत्येक साहेब चोर नसतो. काम रखडायला खरी कारणेही असतात. पाऊस असतो, कोर्टाची मनाई असते, २०२० सारखी महामारी असते. मखमलाबादलाही सगळे शेतकरी एका बाजूला आणि सगळे अधिकारी दुसऱ्या बाजूला, असे नव्हते. विचारायचे ते खरे काय ते कळावे म्हणून. कोणाची अब्रू घ्यावी म्हणून नव्हे.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे. मनमाडजवळ तेलात भेसळ चालली होती, ती धरायला ते गेले. २५ जानेवारी २०११ रोजी भेसळ करणाऱ्यांनी त्यांना जिवंत जाळले. असाही साहेब असतो. त्याच्यासारख्याच्या पाठीशी उभे राहायचे ते आपणच.

आणि विचारणाऱ्यालाही धोका असतो, हे लपवून काय उपयोग? तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी माहितीच्या अधिकारातून जमिनींचे व्यवहार उघडे करीत. १३ जानेवारी २०१० रोजी त्यांचा खून झाला. म्हणून एकट्याने जाऊ नका. एका विषयावर दहा जणांनी दहा अर्ज करा. बचतगटाच्या बायकांनी मिळून जा. एक माणूस अडवता येतो. गाव अडवता येत नाही. कागदाची एक प्रत घरी आणि एक प्रत दुसऱ्याच्या घरी ठेवा. पोहोच घेतल्याशिवाय कचेरी सोडू नका. आणि काम लवकर व्हावे म्हणून चिरीमिरी देऊ नका. एकदा दिली, की जाब विचारायला तोंड राहत नाही.

आता पुढे काय

नाशिकला आता २०२६-२७ चा सिंहस्थ आहे. पुन्हा रस्ते होणार, घाट होणार, पूल होणार. पुन्हा मोठा पैसा येणार. २०२५ च्या नोव्हेंबरात तपोवनात साधुग्रामासाठी सुमारे अठराशे झाडांवर तोडीच्या नोटिसा लागल्या. तेव्हा लोकांनी नोटिसा वाचल्या आणि शेकड्यांनी लेखी हरकती दिल्या. महापालिकेला सुनावणी घ्यावी लागली. गोष्ट लक्षात घ्या. नोटीस झाडावर लावलेली होती. ज्याने वाचली, त्याने हरकत घेतली. ज्याला वाचता येत नव्हते, त्याच्या लेखी तो झाडाला चिकटवलेला कागद होता.

अशा हरकतींना मुदत असते. नगररचना परियोजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला, की हरकत घ्यायला तीस दिवस मिळतात. ते तीस दिवस गेले, की मग कपाळाला हात लावून उपयोग नाही. तेव्हा चावडीवर, कचेरीच्या फळ्यावर, वर्तमानपत्रात बारीक अक्षरांत जे छापून येते, ते वाचायची सवय ठेवा. सरकार मोठ्या अक्षरांत भूमिपूजन सांगते आणि बारीक अक्षरांत तुमचा गट नंबर सांगते.

आणि सुरुवात नाशिकपासून करू नका. आपल्या गावापासून करा. वर्षातून किमान चार ग्रामसभा झाल्याच पाहिजेत. पुढच्या ग्रामसभेला जा. बायकांनी तर जाच. पाण्याच्या टाकीचे काम केव्हा सुरू झाले, केव्हा पुरे व्हायचे होते, किती पैसे गेले, एवढे तीन प्रश्न सरपंचांना विचारा. नम्रपणे विचारा, नावानिशी विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहायला लावा. ज्याला सरपंचापुढे उभे राहून विचारता येते, त्याला उद्या आयुक्तांपुढेही विचारता येईल.

लक्षात ठेवा :

१) सही करण्याआधी वाचा.
२) तोंडी भरवसा घेऊ नका, लेखी घ्या.
३) कारण विचारू नका, कागद मागा.
४) प्रत्येक कागदावर तारीख आणि सही बघा.
५) पोहोच घ्या आणि जपून ठेवा.
६) हरकतीची मुदत चुकवू नका.
७) एकट्याने जाऊ नका.

मंडळी, कचेरीतला साहेब आपला मालक नव्हे. आपण त्याचे मालक आहोत, पण झोपलेले. कुळवाडी शेतावर गेला नाही तर कुंपणच शेत खाते. शेतावर फेरी मारायची ती सालगड्यावर राग आहे म्हणून नव्हे. शेत आपले आहे म्हणून.

बसा आता. उद्याच्या वर्गाला प्रत्येकाने जोडपत्र ‘अ’ च्या नमुन्यात एक अर्ज लिहून आणायचा. विषय तुमच्या गावातला पाहिजे. शुद्धलेखन चुकले तरी चालेल. तारीख चुकता कामा नये.